शेवटची किल्ली

घर मांडायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ ते आवरायला लागतो, असं माझी कुंभकोणमची मावशी म्हणते. २०२५ च्या मे महिन्यात तिचं घर आवरायला मदत म्हणून मी आठ दिवसांची रजा काढून गेले आणि दहा दिवसांनी परत आले. जास्तीचे दोन दिवस का लागले, त्याचीच ही हकिगत. ती घडली एका घरात, पण तिचा अर्थ मला माझ्या मावसभावानं, दादानं, कॉम्प्युटरच्या भाषेत सांगितला. आणि दादाला तो पुरता उमगला, तो त्याच्या आईमुळे.

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातलं, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. जिकडे पाहावं तिकडे गोपुरं. पितळी समयांची दुकानं, विड्याच्या पानांच्या चवडी आणि दर चार पावलांवर ‘डिग्री कॉफी’ची पाटी. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं लहानपण इथल्याच सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या छोट्या घरात गेलं. मराठी माणसाला या मुलखाशी जोडणारा आणखी एक धागा आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य उभारलं. त्या राज्याच्या आश्रयानं आलेली मराठी कुटुंबं तिथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचं दिवाणपद भूषवलेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच कुंभकोणमात.

माझ्या मावशीचं सासर अशाच एका घराण्यातलं. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मावशी मूळची साताऱ्याची. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन तिथे गेली, तेव्हा घरातली मराठीसुद्धा तिला आधी कळेना. जुने शब्द आणि वर तमिळचा हेल! पुढे तिच्या बोलण्यालाही तोच हेल चिकटला आणि माहेरी आली की आम्ही भावंडं तिची नक्कल करू लागलो.

काका शाळेत शिक्षक होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. दादा बंगळुरूला नोकरी करतो. त्यानं मावशीला आपल्याकडे नेलं. दोन-तीन महिन्यांनी एखादी फेरी मारायची, झाडलोट करून घ्यायची आणि परत कुलूप लावायचं, असं काही काळ चाललं. शेवटी घराला चांगलं गिऱ्हाईक आलं आणि घर द्यायचं ठरलं.

मुलगा ड्रायव्हर आहे

दादाचं काम काय, हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणाला धड सांगता येत नसे. तो एका कंपनीत नेटवर्क कार्डांचे ‘ड्रायव्हर’ लिहितो. मावशीनं पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं, तेव्हा नेमका ‘ड्रायव्हर’ एवढाच शब्द तिच्या लक्षात राहिला होता. इंजिनिअर झालेला मुलगा गाडी चालवतो म्हणून शेजारच्या मामींनी दोन दिवस हळहळ व्यक्त केली म्हणे!

कॉम्प्युटरमधलं प्रत्येक उपकरण स्वतःच्या भाषेत बोलतं. त्या उपकरणाशी बोलणी करणारा जो प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. म्हणजे एक प्रकारचा दुभाष्याच. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्स नावाची प्रणाली लिहायला घेतली. आज जगातले असंख्य मोठे कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडचे फोन तिच्यावर चालतात. तिच्या गाभ्यातला निम्म्याहून अधिक मजकूर अशा दुभाष्यांचाच आहे. दादा लिहितो ते त्यातलेच.

“मग त्यात अवघड काय असतं?” मी पोहोचले त्या संध्याकाळी मधल्या चौकात कॉफी पिताना मी त्याला विचारलं.

“चालू करणं सोपं असतं,” तो म्हणाला. “बंद करणं अवघड.”

तेवढ्यात मावशी आतून आली आणि विषय तिथेच थांबला. मला वाटलं, घर आवरायच्या धावपळीत आहे, म्हणून बोलत नसेल. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तो फोन

काका गेल्यावर महिन्याभरात दादानं सगळी ‘कामं’ उरकायला घेतली. हुशार आणि कर्ता मुलगा. यादी केली, एकेक काम हातावेगळं केलं. त्या यादीत काकांचा मोबाइलही होता. कुणी वापरत नाही, उगीच पैसे कशाला भरायचे, म्हणून त्यानं तो नंबर बंद करून टाकला.

बँकेतलं खातं काका आणि मावशी दोघांच्या नावावर होतं, पण खात्याला जोडलेला नंबर काकांचा होता. गॅसच्या पुस्तकालाही तोच. मावशीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं, त्या कागदांवरही तोच लिहिलेला. म्हणजे नंबर बंद झाला, पण त्या नंबरवर विसंबून असलेली निम्मी कामं अजून चालूच होती. बँकेचा सहा आकडी सांकेतिक क्रमांक येणार काकांच्या फोनवर आणि तो फोन तर नाही! नंबर बदलून घ्यायला मावशीला दोन महिने खेटे घालावे लागले.

हे सगळं त्रासाचं, पण निभावण्यासारखं होतं. निभावता आलं नाही ते वेगळंच.

मावशी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर काकांचा नंबर फिरवायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडून ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं काहीसं तमिळमधून ऐकू येई. ती ते शेवटपर्यंत ऐकून घेई आणि फोन ठेवी. “ती बाई बोलायची, तेवढंच,” असं तिनं मला नंतर सांगितलं.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पलीकडे घंटी वाजली. आणि कुणीतरी फोन उचलला. तरुण पुरुषाचा आवाज. “हॅलो, यारु?” म्हणजे, कोण बोलतंय?

मावशीच्या हातून फोन गळून पडला. सूनबाई धावत आली, तेव्हा ती जमिनीवर बसून थरथरत होती. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं कुठलाच फोन उचलला नाही.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाही हे सांगितलं होतं. मुदत उलटली की मात्र तो दुसऱ्याला मिळू शकतो. तिरुचीच्या एका मुलानं नवं सिमकार्ड घेतलं आणि त्याच्या वाट्याला काकांचा नंबर आला. पुढे दादानं त्याला फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा तो बिचारा म्हणाला, “सर, मला तुमच्या वडिलांसाठी बरेच फोन येतात. कुणाला काय सांगायचं, तेच कळत नाही.”

जागा परत केल्यावर

चौथ्या दिवशी दुपारी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढून आम्ही दमून बसलो होतो. मीच पुन्हा विषय काढला. या वेळी दादा बोलला आणि मावशीसमोरच बोलला.

“नेटवर्कचं कार्ड म्हणजे गावातलं पोस्ट समज,” तो म्हणाला. “बाहेरून माहितीची पुडकी येतात. पुडकं आलं की कार्ड घंटी वाजवतं. त्याला आम्ही इंटरप्ट म्हणतो. घंटी वाजली की ड्रायव्हरनं हातातलं टाकून तिकडे बघायचं. बाहेर जाणाऱ्या पुडक्यांची वेगळी रांग असते. शिवाय दर थोड्या वेळानं एक गजर होतो. वायर जोडलेली आहे ना, काही अडकलं नाही ना, हे त्यानं बघायचं. आणि जे काम तिथल्या तिथे करता येत नाही, ते ‘मागाहून करू’ म्हणून एका यादीत टाकलेलं असतं. आजच्या यंत्रात आठ-आठ, सोळा-सोळा प्रोसेसर ही सगळी कामं एकाच वेळी करत असतात. कुणाचं कधी संपेल याचा नेम नाही.”

“मग बंद करताना काय होतं?”

“ड्रायव्हरनं आपल्या कामासाठी मेमरीतली थोडी जागा घेतलेली असते. बंद करताना ती परत द्यायची. परत दिली की ती लगेच दुसऱ्या कुणाला मिळू शकते. समजा, मी जागा परत दिली आणि एक गजर वाजायचा राहिला होता. तो आपल्या वेळेला वाजणार आणि जुन्या पत्त्यावर जाणार. तिथे आता...”

“तिथे आता दुसराच कुणी राहत असतो,” मावशी म्हणाली. “तो हॅलो म्हणतो.”

कुणीच काही बोललं नाही. दादा हातातल्या तांब्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “हो आई. अगदी तेच. पंधरा वर्षं मी कंपनीत हेच होऊ नये म्हणून पगार घेतो. आणि घरी तेच केलं.”

या चुकीला त्यांच्या धंद्यात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. रेस म्हणजे शर्यत. आवरणारा हात आणि अजून काम करणारा हात यांची शर्यत लागते. कोण आधी पोहोचतं त्यावर सगळं अवलंबून. नऊशे नव्याण्णव वेळा काम करणारा आधी पोहोचतो आणि काहीच होत नाही. हजाराव्या वेळी आवरणारा पुढे जातो आणि अख्खं यंत्र कोसळतं. पुन्हा करून बघावं तर सगळं ठीकठाक! म्हणून ही चूक सापडायला फार कठीण.

तिची किंमत कधीकधी फार मोठी पडते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या यंत्रानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यातले काही दगावले. एक कारण असं निघालं, की चालवणाऱ्यानं पडद्यावरची नोंद फार भरभर दुरुस्त केली, तर यंत्रातल्या दोन कामांचा मेळ चुकत असे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला काही भाग अंधारात बुडाला, सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा गप्प पडली होती. तिच्यातही पुढे अशीच शर्यतीची चूक सापडली.

आधी पाटी, मग वाट बघणं

“मग यावर उपाय काय?” मी विचारलं.

दादानं बोटं मोडून क्रम सांगितला. तो मी वहीत लिहून घेतला, कारण तो मला घरालाही तितकाच लागू वाटला.

पहिलं काम, दारावर पाटी लावायची : ‘बंद होत आहे’. म्हणजे नवं काम घेणं थांबवायचं. जाणाऱ्या पुडक्यांची रांग अडवायची. ही पाटी सगळ्यात आधी, कारण नंतरचा प्रत्येक जण काम हाती घेण्यापूर्वी तिच्याकडे बघणार असतो.

दुसरं, कार्डालाच सांगायचं, घंटी वाजवू नकोस. पण तेवढ्यानं भागत नाही. शेवटची घंटी वाजून तिच्यामागे कुणी धावला असेल, तर तो परत येईपर्यंत थांबायचं.

तिसरं, गजर आणि मागाहून करायच्या कामांची यादी रद्द करायची. इथेही जे काम याच क्षणी चालू आहे ते पुरं होऊ द्यायचं.

चौथं, बाहेरच्या ज्यांनी ज्यांनी या उपकरणाचा हात धरलेला आहे, त्यांनी तो सोडेपर्यंत थांबायचं. त्यासाठी मोजदाद ठेवलेली असते. कुणी वापरायला घेतलं की आकड्यात एक मिळवायचा, परत दिलं की एक वजा करायचा. आकडा शून्य झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. लिनक्समध्ये एखाद्यानं हात सोडलाच नाही, तर दर दहा सेकंदांनी तक्रार उमटत राहते : अमुक उपकरण मोकळं होण्याची वाट बघतोय, वापरणारे अजून एक.

आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, जागा परत द्यायची. मांडताना जे सगळ्यात आधी मांडलं, ते आवरताना सगळ्यात शेवटी.

“थांबणं हेच मुख्य,” दादा म्हणाला. “नवीन मुलं रद्द करतात, पण थांबत नाहीत. आमच्याकडे रात्र रात्र ड्रायव्हर चालू-बंद करत ठेवतात, माहिती धो धो वाहत असताना. परत दिलेल्या जागेवर खूण करून ठेवतात, म्हणजे चुकून कुणी तिथे पाऊल टाकलं की लगेच कळतं. माणसांच्या घरात अशी खूण नसते.”

दुधाचा घोळ

यातल्या तिसऱ्या पायरीची गंमत आम्हाला दुसऱ्याच दिवशी दिसली. मावशीनं दूधवाल्याला सांगितलं होतं, उद्यापासून दूध नको. तरी सकाळी पिशव्या दारात! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कामवाल्या बाईंना मावशीनंच कधीकाळी सांगून ठेवलं होतं, की सकाळी दूध आलेलं दिसलं नाही, तर दूधवाल्याला जाऊन आठवण करा. त्यांनी इमानेइतबारे ते केलं. मग बाईंना सांगितलं, आठवण करू नका. तोवर दूधवाल्यानं त्यांना निरोप दिलेला, की उद्या मी विसरलो तर हाक मारा! तिसऱ्या दिवशी पुन्हा दूध.

दादा खो खो हसत सुटला. त्यांच्याकडे हेच होतं म्हणे. गजर वाजला की तो यादीत काम टाकतो आणि ते काम संपताना पुन्हा गजर लावतं. गजर रद्द करावा तर काम तो परत लावतं, काम रद्द करावं तर गजर ते परत टाकतो. म्हणून तर आधी पाटी लावायची आणि दोघांनीही ती वाचायची. यासाठी लिनक्समध्ये २०२३ साली आलेल्या आवृत्तीत गजर कायमचा बंद करण्याची सोय केली. तशा रीतीनं बंद केलेला गजर पुन्हा लावायला गेलं, तरी लागत नाही.

शेवटी मावशीनं दूधवाला आणि बाई दोघांनाही ओट्यावर एकत्र बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं, “घर बंद होतंय.” चौथ्या दिवशी दूध आलं नाही.

आणखी एक घोळ कागदांचा झाला. एक कार्यालय म्हणे, आधी विजेचं बिल मावशीच्या नावावर करून आणा. विजेचं बिल बदलणारे म्हणत, आधी त्या कार्यालयाचा दाखला आणा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही एकमेकांसाठी थांबलेले! दादा म्हणाला, हेसुद्धा आमच्याकडे आहे. आवरणारा कपाटाची किल्ली मुठीत धरून कामकऱ्याची वाट बघतो आणि कामकऱ्याचं काम अडलेलं असतं त्याच किल्लीवाचून. दोघं जन्मभर थांबतात. उपाय एवढाच, की थांबण्यापूर्वी मुठीतली किल्ली सोडायची. आमच्या बाबतीत एका साहेबांनी प्रतिज्ञापत्रावर काम भागवलं, म्हणजे पहिल्यांदा मूठ सोडली, आणि गाडं पुढे सरकलं.

आत कुणी आहे का?

सातव्या दिवशी रात्री मावशी म्हणाली, कुंभेश्वराच्या देवळात जाऊन येऊ. शेवटच्या पूजेची वेळ होती. दक्षिणेतल्या शिवमंदिरांत रात्री देवाच्या पादुका पालखीतून देवीच्या शेजघरात नेतात. त्या शेजघराला पळ्ळियरै म्हणतात. नागस्वराचे सूर, दिवट्या आणि पालखीमागे चालणारी वीस-पंचवीस माणसं.

पूजा संपल्यावर मी मुद्दाम रेंगाळले. बाहेरून येणारा दरवाजा आधीच अर्धा लोटलेला होता. येणाऱ्याला पहारेकरी हात जोडून ‘नाळैक्कु’, म्हणजे उद्या या, असं सांगत होता. जाणाऱ्यांना मात्र घाई नव्हती. मग तो हातात विजेरी घेऊन लांबलचक प्रदक्षिणेच्या वाटेनं निघाला. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून हाक देई, “उळ्ळे यारावदु इरुक्कींगळा?” आत कुणी आहे का? हाक दिल्यावर तो लगेच पुढे जात नसे. जरा वेळ उभा राही. एका खांबाआड डोळा लागलेली एक म्हातारी त्या हाकेनं उठली आणि त्याच्याबरोबर सावकाश चालत बाहेर आली. मगच शेवटचं दार लागलं.

दादा माझ्याकडे बघून नुसता हसला.

राज्य आवरतानाही ही हाक द्यावी लागते, असं माझ्या मनात आलं. १८५५ साली तंजावरचा शेवटचा राजा मुलगा नसताना वारला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य तर घेतलंच, राजघराण्याच्या खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. आत राहणाऱ्या राण्या, नोकरचाकर, आश्रित यांचं काय, हे आधी कुणी विचारलं नाही. राणी कामाक्षीबाईंनी कज्जा केला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ साली न्यायाधीशांनी निकाल दिला, की हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, यात कोर्टाला हात घालता येत नाही.

वापरणारे अजून एक

आठव्या दिवशी सगळं आवरलं. सामान ट्रकनं गेलं. संध्याकाळच्या बंगळुरूच्या गाडीची तिकिटं हातात होती. मावशीनं किल्ल्या मागवल्या. पुढच्या दाराच्या पाच किल्ल्या होत्या. एक तिची, एक दादाची, एक शेजारच्या मामींकडे, एक कामवाल्या बाईंकडे. चार किल्ल्या पितळी तबकात पडल्या.

पाचवी फुलवाल्या आजींकडे होती. या आजी कित्येक वर्षं पहाटे आमच्या ओट्यावर बसून गजरे बांधायच्या आणि रात्री टोपली, सुतळी, पाण्याचा डबा दाराच्या आत बोळात ठेवून जायच्या. काकांनीच त्यांना किल्ली दिली होती. त्या मन्नारगुडीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि दोन दिवसांनी येणार होत्या. त्यांच्याकडे फोन नव्हता. टोपली बोळात तशीच होती.

“आई, कुलूप तर नवे मालक बदलणारच आहेत,” दादा म्हणाला. “टोपली मामींकडे ठेवू. निघू या.”

मावशी पायरीवर बसली. “त्या पहाटे साडेचारला येतील. अंधारात किल्ली लावतील, ती लागायची नाही. आतून परका माणूस विचारेल, कोण आहे. तेव्हा त्यांच्या छातीत काय होईल, ते तुला नाही कळणार. मला ठाऊक आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “त्यांचा फोन बंद केलास तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. कुणी वापरत नाही म्हणून.”

दादानं तिकिटं रद्द केली.

आम्ही रिकाम्या घरात दोन दिवस राहिलो. मामींकडून जेवण येई. चटई, तीन पेले आणि कॉफीचं गाळण एवढाच संसार. त्या दोन दिवसांत दादानं एक काम मन लावून केलं. काकांची जुनी डायरी घेऊन बसला आणि त्यातल्या एकेकाला स्वतःच्या फोनवरून कळवत गेला. कितीतरी जणांना काका गेल्याचंच माहीत नव्हतं. तंजावरचे त्यांचे एक बालमित्र फोनवरच रडले. “मी फोन करत होतो, कुणी पोरगा उचलायचा. मला वाटलं, याला माझ्याशी बोलायचं नाही,” असं म्हणाले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी माझ्या वहीतला क्रम इथे देते. घरातलं माणूस गेलं की त्याचा फोन आधी बंद करू नका. थोडे पैसे भरून तो चालू ठेवा. बँक, निवृत्तिवेतन, विमा, गॅस, वीज, जिथे जिथे तो नंबर नोंदवला आहे, तिथे तिथे आधी नवा नंबर लावून घ्या. येणारे फोन स्वतः घ्या आणि ज्याला त्याला शांतपणे कळवा. काही महिने कुणाचाच फोन, कुणाचाच निरोप आला नाही, म्हणजे मग नंबर परत करा. खात्याचंही तसंच. त्यातून जाणारे हप्ते आणि त्यात येणारे पैसे दुसरीकडे वळल्यावरच ते बंद करायचं. घाई केल्यानं शंभर-दोनशे रुपये वाचतात, एवढंच.

दहाव्या दिवशी पहाटे साडेचारला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. आजी होत्या. आम्हाला तिघांना बोळात उभं बघून त्या दचकल्या, मग हसल्या. नात झाली होती. मावशीनं त्यांना सगळं सांगितलं. मामींच्या ओट्यावर बसायचं आणि रात्री टोपली त्यांच्याच बोळात ठेवायची, हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. आजींनी कनवटीची किल्ली सोडून तबकात ठेवली आणि टोपली उचलून पलीकडच्या ओट्यावर नेली. जाताना मावशीच्या अंबाड्यात गजरा माळायला हात पुढे केला, आणि मध्येच थबकल्या. मावशीनं स्वतःच तो ओंजळीत घेतला आणि बोळातल्या काकांच्या खुंटीला अडकवला.

गाडी संध्याकाळची होती. निघताना दादानं किल्ल्या मोजल्या. पाच. तो दार ओढणार, एवढ्यात मावशीनं त्याचा हात धरला. उंबऱ्यावर उभी राहून रिकाम्या घराकडे तोंड करून तिनं हाक दिली, “उळ्ळे यारावदु इरुक्कींगळा?”

चौकात तिचा आवाज जरा घुमला. ती थांबली. आम्हीही थांबलो.

मग ती दादाला म्हणाली, “लाव आता.”